आदर्श वजनाचे गणित

शासकीय सेवेत असताना वार्षिक वैद्यकीय तपासणीत माझ्या नावापुढे एकच शेरा पडत असे : वजन योग्य. उंची 172 सेंटिमीटर, त्यातून शंभर वजा केले की 72 किलो. ब्रोका या एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारदाचे हे सूत्र. माझे वजन नेमके तेवढेच. कमरेचा घेर मात्र कोणी मोजला नाही. मधुमेह कळला तो निवृत्तीनंतर.

सूत्राची जन्मकथा शोधण्याची खोड इतिहासाच्या अभ्यासाने लागली. डिव्हाइन यांचे 1974चे सूत्र औषधाची मात्रा ठरवण्यासाठी होते. ‘बीएमआय’चे मूळ केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाच्या समूह-अभ्यासात आहे. समूहासाठी ते मोलाचेच. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 18.7 टक्के स्त्रिया कृश, तर 24 टक्के अतिवजनाच्या आढळल्या. हे दुहेरी संकट त्याविना दिसते ना. पण भारतीयांच्या पोटाभोवती कमी वजनातही चरबी साचते. म्हणूनच येथील तज्ज्ञांनी अतिवजनाची मर्यादा 25वरून 23वर आणली आणि घेराची पुरुषांसाठी 90, स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर मानली. त्या हिशेबाने मी, 24.3वर, कधीच ‘योग्य’ नव्हतो.

आज आशा कार्यकर्तीच्या पडताळणी अर्जात कमरेच्या घेराचा रकाना असतो. माझ्या तपासणीच्या कागदांत तो नव्हता.