पैसा कंपनीचा, झाडू मात्र आपलाच?

कचरा हा आता जगभर नफ्याचा धंदा झाला आहे. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१६ साली जगातल्या शहरांत २०१ कोटी टन घनकचरा तयार झाला. २०५० पर्यंत तो ३४० कोटी टनांवर जाईल. कच्चा माल वाढणार म्हटल्यावर भांडवल धावणारच. फ्रान्सच्या व्हेओलिया कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये आपली प्रतिस्पर्धी स्वेझ ताब्यात घेतली. आपल्याकडे ठाण्याच्या अँटनी वेस्ट कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये आपले शेअर विक्रीला काढले. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या नागरी टप्प्यासाठी २०२१ ते २०२६ या काळाकरिता १,४१,६०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली.

आमचा प्रश्न साधा आहे. एवढा पैसा आला, पण झाडू धरणारे हात बदलले का?

केंद्र सरकारच्या नमस्ते योजनेत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांची नोंद झाली. २०२४ मध्ये समोर आलेल्या, सुमारे ३८ हजार कामगारांच्या माहितीनुसार त्यांपैकी जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे आहेत. देशाच्या लोकसंख्येत मात्र अनुसूचित जातींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के आहे. बाजार वाढला की जात आपोआप मरते, असे सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जात नुसते काम वाटत नाही, माणसांनाच उतरंडीत बसवते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. आज त्या उतरंडीत कंत्राटदाराची एक पायरी वाढली, एवढेच.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याने हे जवळून पाहिले आहे. जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणचा चिखल आणि कचरा उपसायला बाहेरच्या महापालिकांची सफाई पथकेही आली. तेव्हा सफाई कामगार सगळ्यांना आठवला. त्याचा पगार, पीएफ, हातमोजे, गमबूट किती जणांना आठवले?

लढून मिळते, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे कोर्टकचेरी केली. अखेर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम होण्याचा हक्क मिळाला. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कचरावेचक बायांनी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी केली आणि २००८ मध्ये थेट महापालिकेशी करार केला. मधला कंत्राटदार गेला आणि कामाचा मोबदला थेट त्यांच्या हातात आला.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे : रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर या नगरपरिषदांत माहिती अधिकाराचे अर्ज टाका. सफाईच्या निविदेची प्रत मागा. बिलात किती कामगार दाखवले, किमान वेतन दिले का, पीएफ भरला का, हे तपासा. कामगारांची संघटना बांधा, जमेल तिथे त्यांचीच सहकारी संस्था काढा. आणि त्यांची मुले शाळेत टिकतील हे पाहा. कामाला दाम मिळवून द्यायचा आहे. ते काम एका जातीच्या गळ्यात कायमचे बांधायचे नाही. या दोन्ही लढाया एकाच वेळी लढाव्या लागतील.

जय भीम!