बांधावरची उंदीरमारी म्हणजे जंगल नव्हे



मागच्या महिन्यात, ऐन पावसात, आमच्या पाड्यावर एका काकांच्या प्लॉटची मोका पाहणी झाली. पंचनाम्यात लिहिलं, "करंजाची नैसर्गिक झाडी." काकांनी अंगठा दिला. मी तिथंच उभा होतो, बारावी शिकलेला, आणि मला पण ती करंजच वाटली. रात्री आजी म्हणाली, अरे करंज कुठली, उंदीरमारी ती. काकानेच खुट्या रोवल्यात, भाताला पाला व्हावा म्हणून.

उंदीरमारी म्हणजेच गिरीपुष्प. करंजाच्या एका देठावर पानं बहुतेक 5 नाहीतर 7, रुंद, चकचकीत. गिरीपुष्पाला जास्त, 9 ते 15, निमुळती, पाठीमागून फिकी, चुरगळली की उग्र वास. माघ-फाल्गुनात पानं झडतात आणि उघड्या फांद्यांना गुलाबी फुलांचे घोस येतात. शेंग चपटी, उन्हात तडकून पिळवटते. करंजाची जाड, तडकत नाही. पावसाळ्यात फूल नसतं, तेव्हा पानं मोजा.

हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. आपल्या जुन्या रानात ते नव्हतंच, कोणीतरी आणून लावलं. बांधावर लावा असं शेतीखातंच सांगत आलं. चारसूत्री भातशेतीत त्याचाच पाला चिखलात गाडतात. मग नैसर्गिक जंगल कसलं?

एक खरं सांगितलं पाहिजे. शेंगा तडकून बी लांब उडतं, रोपं आपोआपही उगवतात. म्हणून एकट्यादुकट्या झाडावरून भांडू नका. पण बांधाबांधाने सरळ रांग आणि वर्षानुवर्षं छाटून गाठाळलेली खोडं, ही माणसाच्या हातचीच. वन हक्काच्या नियम 13 मध्ये बांध हा पुरावा धरलाय, रांग त्या बांधाची साक्ष. कसवणूक 13 डिसेंबर 2005 च्या आधीची, हे झाड बोलणार नाही, ते म्हातारी माणसं सांगतील. त्यांचा जबाबही त्याच नियमात बसतो.

वनखात्यानेही उतारावर गिरीपुष्प लावलंय. तिथं "रोपवन" लिहा म्हणावं, आणि लावण्याआधी ती जमीन कोण कसत होतं तेही लिहा.

माझं मत असं की पाहणीला वन हक्क समितीने बायांना पुढे ठेवावं. सरपण-पाला त्याच आणतात, झाड त्यांना लांबूनच कळतं. आम्ही शिकलेले पोरं नुसते कागद धरून उभे राहतो. झाडाचं नाव, किती झाडं, कुठल्या बांधावर, हे वाचून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

काकांची हरकत ग्रामसभेत लिहून दिली आहे. पुन्हा पाहणी मागितली आहे, ती फुलं आल्यावर झाली तर बरं.