सागरयात्रा कोणासाठी?

मातापित्यांच्या सेवेची दोन चित्रे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहेत : एक श्रावणाच्या कावडीचे आणि दुसरे पुंडलिकाच्या विटेचे. परंतु पुंडलिकाच्या कथेचा आरंभ आपण बहुधा विसरतो. काशीयात्रेच्या वाटेवर पुंडलिक व त्याची पत्नी घोड्यावर आरूढ झाली होती आणि वृद्ध आईबाप मागून पायी येत होते, असे त्या कथेच्या एका प्रचलित रूपात सांगितले आहे. यात्रा पुण्यप्रद होती, क्षेत्र पवित्र होते. तरीही त्या यात्रेत सेवा नव्हती. श्रावणाने मात्र आईबापांच्या इच्छेची वाट आपल्या खांद्यावर घेतली. वृद्धांना बरोबर नेणे आणि वृद्धांसाठी जाणे या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद आजच्या कुटुंबांनी ध्यानी घ्यावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

आमच्या गोमंतकात हा विषय विशेषेकरून सागरयात्रेच्या निमित्ताने निघतो. एके काळी मुंबईहून निघालेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीस येत असे. डेकवर सतरंजी पसरून, उशाला वळकटी घेऊन हजारो चाकरमान्यांनी तो प्रवास केला. पुढे रस्ते सुधारले, १९९८ साली कोकण रेल्वे अखंड धावू लागली आणि ते जुने युग संपले. त्यानंतर २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटक जहाज सुरू झाले. २०२० च्या महामारीत तेही थांबले. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’च्या फेऱ्या सुरू झाल्या. ज्यांनी तरुणपणी डेकवर रात्र काढली, त्यांना उतारवयात खोलीत निजून तोच समुद्र पाहावासा वाटला, तर त्यात नवल ते काय?

आमच्या घरीही ही इच्छा फार वर्षे होती. तीर्थरूप ऐन तारुण्यात मुंबईस नोकरीला असत व मे महिन्यात बोटीने घरी येत. मातोश्रींनी त्या बोटीच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या; बोटीत पाऊल मात्र कधी ठेवले नाही. मुलांची शिक्षणे, घराचे छप्पर, बहिणीचे लग्न, अशा कारणांनी बेत पुढे ढकलला गेला आणि अखेर गेल्या हिवाळ्यात तो सिद्धीस गेला. जहाजावर गायन होते, रोषणाई होती, पक्वान्नांची तर रेलचेल होती. ती उभयता थोडे जेवून कठड्याजवळच्या बाकावर जाऊन बसली. दूर अंधारात एखादा दिवा लुकलुके आणि तो कोणत्या बंदराचा असावा, यावर त्यांचा वाद चाले. त्या रात्री तीर्थरूपांनी डेकवरच्या अशा आठवणी सांगितल्या, ज्या आम्ही इतक्या वर्षांत ऐकल्या नव्हत्या. मातोश्रींचे गुडघे आता जिना मोठ्या कष्टाने चढतात. आणखी दोन वर्षांनी त्यांना त्या बाकापर्यंत जाता आले असते की नाही, हे सांगवत नाही.

कोणी म्हणतील, म्हातारपणी तीर्थयात्रा करावी. ही चैन कशाला? आमचे उत्तर असे की, ज्याची ओढ त्याने ठरवावी. कोणास पंढरपूर हवे असेल, कोणास समुद्र. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो रास्त आहे. कर्ज काढून यात्रा करू नये. पण तिसरी सबब अशी की, “त्यांनाच नको आहे.” ही सबब मात्र तपासून घ्यावी. आपल्याकडील वडील माणसांचा पहिला नकार हा पुष्कळदा मुलांच्या खिशाविषयीची काळजी असते.

नेण्याचे ठरले, तर विचारपूर्वक न्यावे. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावरील समुद्र खवळलेला असतो, म्हणून हिवाळा निवडावा. जहाजाचा मध्यभाग व खालचे मजले कमी हलतात. ज्यांना समुद्र लागतो, त्यांची खोली तेथे घ्यावी. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज दूर उभे राहते आणि उतारूंना लहान होडीत उतरावे लागते. दुखऱ्या गुडघ्यांना ते सोसेल काय, हे आधीच पाहावे. औषधे सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावी. आणि मुख्य म्हणजे, त्यांना खोलीत बसवून आपण करमणुकीस जाऊ नये. तसे केल्यास आपण पुंडलिकाच्या घोड्यावरच बसलो, असे समजावे.

येथे आणखी एक गोष्ट मनास बोचते. आमच्या गोव्यात ‘तारवटी’ हा शब्द मानाचा आहे. जगातील मोठमोठ्या पर्यटक जहाजांवर गोमंतकीय तरुण चाकरी करतात. परदेशीच्या वृद्धांना ते हात देऊन जिना उतरवतात, त्यांच्यापुढे अदबीने ताट ठेवतात. त्यांचे स्वतःचे आईबाप मात्र गावी ओसरीवर बसून फोनची वाट पाहतात. त्या तरुणांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्याच कष्टावर त्या घरांच्या चुली पेटतात. परंतु जो हात परक्या वृद्धाला आधार देतो, त्याच हाताचा आधार घरच्या वृद्धाला वर्षातून चार दिवस तरी मिळावा, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

मातापित्यांच्या निर्वाहासाठी आपल्या देशात २००७ साली कायदा झाला. अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांची तरतूद करण्यास तो अपत्यांना भाग पाडू शकतो. पण आईशेजारी बाकावर बसून समुद्र पाहा, असा हुकूम कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. ते ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापाशी आज पैसा नाही, हे आम्ही जाणतो. पण आजीआजोबांना “तुम्हांला कोठे जावेसे वाटते?” असे विचारण्यास पैसा लागत नाही. उत्तर कदाचित दूरच्या बेटाचे नसेल. माहेरच्या देवळाचे असेल, नाहीतर पणजीहून फेरीबोटीने बेतीला जाऊन येण्याचे असेल. या सुट्टीत तेवढे करा. मांडवी ओलांडताना त्यांचा हात धरा, आणि धक्क्यावर उतरल्यावर त्यांच्या पावलाने चाला.