नाकातला स्प्रे आणि मुलांची उंची

वर्षभर शिंकणाऱ्या, रात्री तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला डॉक्टर नाकाचा स्प्रे लिहून देतात. पण ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकून अनेक घरांत तो कपाटातच राहतो. उंची खुंटेल ही भीती निराधार नाही, मात्र सगळ्याच औषधांना ती सारखी लावणे चूक आहे. बेक्लोमेथासोन या स्टिरॉइडचा स्प्रे दिवसातून दोनदा, वर्षभर घेतलेल्या मुलांची वाढ सुमारे ०.९ सेंटिमीटरने कमी भरल्याचे २००० साली अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले. त्याच वर्षीच्या मोमेटासोन या दुसऱ्या स्टिरॉइड स्प्रेच्या चाचणीत तसा फरक आढळला नाही. बेक्लोमेथासोनचा मोठा अंश रक्तात उतरतो, मोमेटासोन आणि फ्लुटिकासोनचा दोन टक्क्यांहूनही कमी. गुण मात्र जवळपास सारखाच. म्हणून ही नवी औषधे, कमीत कमी मात्रा आणि उंचीची नियमित नोंद, एवढा आग्रह पालकांनी धरावाच. आम्हाला अधिक काळजी वाटते ती चोंदलेले नाक मोकळे करायला दुकानातून परस्पर आणलेल्या झायलोमेटाझोलिनच्या थेंबांची. ते आठवडेच्या आठवडे घातले, की नाक आणखीच चोंदते. स्टिरॉइड स्प्रेचा पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात. तेवढा धीर धरावा, आणि टोक मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या बाजूला वळवावे. नाकातून रक्त येण्याची तक्रार त्याने बरीच कमी होते.