मोकळ्या आभाळाचे चार महिने

पुण्याचा हिवाळा घडतो तो पठारामुळे आणि निरभ्र आकाशामुळे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. मोसमी वारे परतले की हवेतला दमटपणा ओसरतो, दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडू लागते आणि ढगच नसल्यामुळे ती उष्णता वरच्या वर निघून जाते. म्हणून दुपारी तिशीला टेकलेला पारा पहाटे दहाच्या खाली उतरू शकतो. दुपारी सदरा आणि पहाटे स्वेटर हा पुणेकरांचा डिसेंबरातला रिवाज त्यातून आला. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. या नोंदी ठेवणारे हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरची ती देखणी दगडी इमारत आणि तिच्यासमोरचा चौक अजूनही ‘सिमला ऑफिस’ या नावानेच ओळखला जातो.

या कोरड्या, स्वच्छ चार महिन्यांवर शहराचे मोठे सांस्कृतिक जीवन उभे आहे. पावसाळ्यात मंडप गळतो, मैदानात चिखल होतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाहेर बसवत नाही. उघड्यावर गाणे ऐकावे, पुस्तके चाळावीत, गड चढावा, पक्षी पाहावेत, तारे मोजावेत, अशी सोय फक्त कार्तिक ते माघ या काळात असते. या काळातले बहुतेक उपक्रम कुणी आखून दिलेले नाहीत. हौशी माणसांनी ते सुरू केले, पुढच्या पिढीने सांभाळले. त्यांना लागणारे भांडवलही साधे असते: मोकळी जागा, स्वच्छ हवा, थोडी शांतता, थोडा अंधार. नेमके हेच भांडवल शहरात वेगाने कमी होत आहे.

मोसमाची सुरुवात दिवाळीने होते. अंगणात आणि सोसायटीच्या कोपऱ्यात मुले मातीचे किल्ले करतात, त्यावर हळीव आणि मोहरी पेरतात. अभ्यंगस्नान उरकून ‘दिवाळी पहाट’ ऐकायला माणसे बागांत आणि नाट्यगृहांत जमतात. याच दिवसांत दिवाळी अंक घरोघर पोचतात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून थंडीच्या तोंडावर वाचनाचा साठा करून ठेवण्याची सवय मराठी घरांना लागली. अलीकडे त्याला मैदानाची जोड मिळाली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव सुरू झाला. संध्याकाळच्या गार हवेत दालनांमधून फिरणाऱ्या गर्दीत तरुण मुलामुलींची संख्या पाहिली की मराठी वाचनाविषयी उमेद वाटते.

पुण्याच्या हिवाळ्याचा कणा मात्र डिसेंबरातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर, अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, फिरोज दस्तूर, बसवराज राजगुरू हे त्यांच्याकडे शिकले. १९५२ च्या सप्टेंबरात सवाई गंधर्व गेले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. घरगुती श्रद्धांजलीच्या भावनेतून निघालेला हा उपक्रम हिंदुस्थानी संगीतातला देशातला एक प्रमुख उत्सव झाला. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेल्यावर त्यांचेही नाव उत्सवाला जोडले गेले. त्यांच्यानंतर समारोपाचे गाणे अनेक वर्षे प्रभा अत्रे यांनी सांभाळले. १३ जानेवारी २०२४ रोजी त्याही गेल्या.

हा उत्सव थंडीत असण्याला संगीताच्या अंगाने अर्थ आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते आणि वादकाची हातोडी सारखी चालू राहते. कोरड्या हवेत पुडी ताठ राहते. शिवाय थंडीची रात्र लांब असते, आणि रात्रभराचे गाणे हीच मूळ ‘सवाई’ची ओळख होती. शाली, मफलरी, कानटोप्या, सतरंज्या, चहाचे थर्मास घेऊन माणसे भारतीय बैठकीवर दाटीवाटीने बसत आणि उजाडल्यावर घरी जात. रागांना समय असतो, तो असा प्रत्यक्ष अनुभवता येई. मध्यरात्री दरबारी, त्यानंतर मालकंस, पहाटेच्या आधी ललित, उजाडताना भैरव. घड्याळ न पाहता रात्र कुठवर आली ते कळत असे. ही श्रवणाची शाळा होती, आणि तिच्यात पुणेकरांच्या दोन-तीन पिढ्या तयार झाल्या.

२००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी झाली. वर्षातले मोजके पंधरा दिवस राज्य सरकारला ही मर्यादा बारापर्यंत वाढवता येते. नियम योग्यच आहे. मैदानाशेजारी आजारी माणसे असतात, अभ्यासाची मुले असतात, त्यांच्या झोपेचा हक्क गाण्याहून कमी नाही. पण त्यामुळे ‘सवाई’चा चेहरा बदलला. मैफल दुपारी सुरू होऊ लागली. एक चांगली गोष्ट झाली: मुलतानी, पटदीप, मारवा, पूरिया धनाश्री या दुपार-संध्याकाळच्या रागांना मोठ्या मंचावर हक्काची वेळ मिळाली. उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग मात्र त्या मंचावरून जवळजवळ उठले. आज विशीत असलेल्या कित्येक रसिकांनी पहाटे चारचा ललित पहाटे चारला ऐकलेलाच नाही.

यावर उपाय नियमातच आहे. बंदिस्त सभागृहाला ही बंदी लागू होत नाही. बालगंधर्व रंगमंदिर, गणेश कला क्रीडा मंच, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह ही महापालिकेची सभागृहे डिसेंबरात एखाद्या रात्री अखंड मैफलीसाठी उघडी ठेवता येतील. गायक आहेत, श्रोते आहेत, थंडीही आहे. हवा आहे तो महापालिकेचा निर्णय आणि रात्रीच्या कर्मचाऱ्यांचा रास्त मोबदला.

उत्सवाने जागाही बदलली. पुष्कळ वर्षे रमणबाग प्रशालेच्या मैदानावर तो भरत असे. आता मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरतो. जुन्या पेठांमधून चालत येणारा श्रोता यामुळे थोडा दुरावला. शहराच्या मध्यात मोठे मैदान उरणे किती महत्त्वाचे आहे, ते अशा वेळी दिसते. शाळा-महाविद्यालयांनी आपली मैदाने बांधकामापासून वाचवली म्हणून हे सारे अजून चालू आहे. कृषी महाविद्यालयाच्या मैदानावरची भीमथडी जत्रा आणि एम्प्रेस गार्डनमधले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन यांनाही हेच लागू पडते.

जानेवारी सिनेमाचा. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ने (१९३६) मराठी सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत नेला. प्रभातचा तोच स्टुडिओ १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट झाला. तिथले आंब्याचे झाड विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना ‘विझडम ट्री’ म्हणून ठाऊक आहे. सिनेमावरचे वाद वर्गाइतकेच त्या झाडाखाली झडले. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालून जुने चित्रपट गोळा केले. जुनी नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते, तिला बारमाही गारवा लागतो. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ प्रतींसह अमोल ठेवा जळाला. या शहराच्या सांस्कृतिक इतिहासातली ही सर्वांत मोठ्या हानींपैकी एक. तिची आठवण जितकी तीव्र राहायला हवी तितकी राहिलेली नाही.

या वारशावर २००२ पासून पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे ‘पिफ’, उभा आहे. जब्बार पटेल त्याचे संचालक. जागतिक स्पर्धेचा मुख्य पुरस्कार ‘प्रभात’च्या नावाने आणि मराठी स्पर्धेचा ‘संत तुकाराम’च्या नावाने दिला जातो. सकाळी नऊच्या खेळासाठी पासधारकांची रांग लागते. निवृत्त शिक्षिका, महाविद्यालयीन मुले, गावाकडून सिनेमा करायला आलेले तरुण त्या रांगेत इराणी आणि पोलिश चित्रपटांविषयी हिरिरीने बोलतात. मोबाइलवर सारे जग मिळत असतानाही ही रांग कमी होत नाही, याचे कारण पडद्याइतकेच त्या बोलण्यातही आहे. नाटकाकडे पाहिले तर राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग आणि महाविद्यालयांचा फिरोदिया करंडक याच काळात होतात. करंडकाच्या तालमी पार्किंगमध्ये आणि जिन्यांखाली मध्यरात्रीपर्यंत चालतात.

घराबाहेरचा हिवाळा टेकड्यांपासून सुरू होतो. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी आणि शहरातली सर्वांत उंच वेताळ टेकडी या पहाटे पाचपासून जाग्या असतात. या टेकड्यांवरून रस्ता किंवा बोगदा नेण्याचे प्रस्ताव पुन्हा पुन्हा येतात आणि रोज तिथे चालणारी माणसेच त्यांना विरोध करतात. तो विरोध योग्य आहे. थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते, वाहनांचा धूर खालीच साचतो. अशा सकाळी मोकळा श्वास मिळण्याची जागा या टेकड्याच आहेत.

पुढे सिंहगड. सुमारे १३०० मीटर उंचीचा हा गड आतकरवाडीच्या वाटेने चढणारे नेमाचे लोक दर रविवारी दिसतात. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही, आणि ते विकणाऱ्या गडाखालच्या वाड्यांतल्या बाया. तानाजी मालुसरे यांनी गड घेतला ती रात्रही थंडीचीच, ४ फेब्रुवारी १६७०ची. राजगड, तोरणा, पुरंदर यांच्या वाटाही याच दिवसांत कोरड्या असतात. तैलबैला, लिंगाणा, नागफणी इथल्या कातळावरचे प्रस्तरारोहण तर पूर्णपणे थंडीवर अवलंबून, कारण पावसाळ्यात शेवाळ धरते आणि उन्हाळ्यात कातळ हाताला भाजतो. याच कातळावर हात बसलेल्या ‘गिरिप्रेमी’ या संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट गाठले. धावणाऱ्यांसाठी १९८३ पासून पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन आहे, परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारची.

सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवण, उजनी धरणाचा फुगवटा. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चक्रवाक, कुरव, शिवाय सर्वांचे लाडके रोहित इथे हिवाळ्यात उतरतात. रोहित उशिरा येतात. धरण भरलेले असताना त्यांना उभे राहायला उथळ पाणी नसते. पाणी ओसरून दलदल उघडी पडली की ते येतात. कुंभारगावचे मच्छीमार पाहुण्यांना होडीतून नेतात, पक्ष्यांची नावे आणि सवयी त्यांना तोंडपाठ असतात. यात पुण्याचा थेट संबंध आहे. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि शहराचे पुरेशी प्रक्रिया न झालेले सांडपाणी घेऊन उजनीत उतरते. रविवारी दुर्बीण घेऊन भिगवणला जाणाऱ्या पुणेकराने पाण्याचा हिरवा रंग आणि वास यांचा उगम आपल्या घरापर्यंत मागे नेऊन पाहायला हवा.

जानेवारीत शिवारात हुरडा येतो. गूळभेंडी ज्वारीची कोवळी कणसे आगटीत भाजून, हातावर चोळून, शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ आणि दह्याबरोबर खाल्ली जातात. आसपासच्या शेतकऱ्यांना यातून चार पैसे मिळतात, ही समाधानाची बाब. शिवारांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या झोपड्या, म्हणजे कोपीही दिसतात. त्यांच्यासाठी आणि शहरात रात्रभर शेकोटीजवळ बसणाऱ्या रखवालदारांसाठी थंडी हा उत्सव नसतो. रात्रनिवारे, ब्लँकेट आणि कोपीवर शिकणाऱ्या मुलांची शाळा यांचा विचार हिवाळ्याच्या नियोजनात पहिल्या ओळीत असायला हवा.

उरते आकाश. १९४४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही देशातली हौशी आकाशनिरीक्षकांची सर्वांत जुनी संस्था. डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, त्यासाठी मंडळी सतरंज्या घेऊन शहराबाहेर अंधार शोधायला जातात. तो अंधार दरवर्षी थोडा लांब सरकतो. पुण्याच्या उत्तरेला खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना पाहायला खुली होते आणि जुन्नर, आंबेगावच्या शाळांतली मुले बसगाड्या भरून येतात. तोवर दुपारचे ऊन चटके देऊ लागलेले असते, भिगवणचे पट्टकादंब उत्तरेकडे परतू लागतात, आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मैदानांवरचे शेवटचे मंडप उतरवले जातात.