ऋतू घरी, माणसे फडावर

सोलापूर-धुळे महामार्ग जेथे जामखेड-पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्याला छेदतो, ते मांजरसुंबा प्रवाशांना ठाऊक आहे ते मुख्यत्वे रबडीसाठी आणि ढाब्यांसाठी. ‘गावरान’, ‘घरगुती’, ‘चुलीवरचे’ हे शब्द आता अशा प्रत्येक रस्त्यावरील पाट्यांवर सर्रास दिसू लागले आहेत. शहरातील मध्यमवर्गाला एकाएकी ज्वारीच्या भाकरीचा उमाळा आला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केल्यापासून तर या उमाळ्याला सरकारी प्रतिष्ठाही लाभली. परंतु ज्या घरांच्या नावाने हे ‘घरगुती’ जेवण विकले जाते, त्या घरांत ते शिजते काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

बालाघाटच्या या डोंगरपट्ट्याचे अन्न ऋतूशी बांधलेले आहे. पहिल्या पावसानंतर बांधावर तरोटा, कुंजीर, घोळ, पाथरी उगवते. त्यांना बाजारभाव नाही, म्हणूनच ती गरिबाच्या ताटात येतात. हुलग्याचे माडगे आणि शेंगोळे हे कोरडवाहू जमिनीने दिलेले भरभक्कम जेवण. भादव्या-अश्विनात डोंगरात सीताफळ पिकते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पुढे अंबाडी, मग हरभऱ्याचा कोवळा पाला, आणि पौषाच्या थंडीत हुरडा. या भूमीचे सर्वात समृद्ध ताट मार्गशीर्ष ते माघ या काळात वाढले जाते.

नेमक्या याच काळात बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसे घरी नसतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना कारखान्याच्या हिशेबात माणूस न म्हणता ‘कोयता’ म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. फडावरची बाई पहाटेच्या अंधारात कोपीसमोर तीन दगडांवर भाकऱ्या थापते, चटणीसह फडक्यात बांधते आणि दिवसभर मोळ्या वाहते. घरच्या जेवणाची थोरवी गाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, तिच्या या पहाटेच्या कामाची मजुरी कोणत्याही टनाच्या दरात धरलेली नसते.

मराठवाड्याची पाकपरंपरा एकच एक आहे, असा समजही टाकून दिला पाहिजे. मांजरसुंब्यानजीक कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला येणाऱ्या लिंगायत भाविकांचे शाकाहारी ताट वेगळे; शेजारच्या लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला शेतात होणारी भज्जी-आंबील वेगळी; 1948 पर्यंत चाललेल्या निजामी अमदानीतून आलेली मुसलमान घरांतील खिचडी आणि खट्टा वेगळा. आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांचे अन्न तर पाककृतींच्या पुस्तकांतूनही वेशीबाहेरच राहिले होते. शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये महार-मांग वस्त्यांतील चान्यांपासून रक्तीपर्यंतच्या अन्नाची नोंद केली. त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा विस्तारित कायदा लागू झाला, हा योगायोग बोलका आहे. ‘गावरान’ थाळीत हे पदार्थ दिसणार नाहीत.

आता शासनाकडे वळू. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्याने परदेशी लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. ती लाचारी पुन्हा नको म्हणून धान्यवाटप बळकट व्हावे, ही मागणी योग्यच होती. परंतु रेशनवर आले ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य 1 रुपया किलोने देण्याची तरतूद होती. मालदांडी ज्वारीचा हमीभाव 2024-25 साठी क्विंटलला 3,421 रुपये जाहीर झाला. पण भाव जाहीर होणे वेगळे आणि त्या भावाने गावाजवळ खरेदी होणे वेगळे. शेतकरी सोयाबीन-कपाशीकडे वळला तो चवीचा द्रोही म्हणून नव्हे. ज्वारी उपटायला मजूर लागतात, पाखरे राखावी लागतात, आणि शेवटी व्यापारी दर ठरवतो.

ज्वारीच्या या कैवाराला एक उत्तर वस्त्यांतूनच मिळते, ते ऐकून घेतले पाहिजे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भाकरी आणि मिरचीवर काढल्या, त्यांना गव्हाची पोळी ही बढती वाटली, तर त्यांना भरडधान्याचे उपदेश करण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना नाही. मागणी निवडीची आहे: रेशनवर स्थानिक ज्वारी हवी असेल त्याला मिळावी, ती याच जिल्ह्यातून हमीभावाने घेतलेली असावी. फडावर कारखान्याच्या खर्चाने सामुदायिक स्वयंपाकघर आणि शुद्ध पाणी असावे. मागे राहिलेल्या मुलांच्या हंगामी वसतिगृहांत हिवाळ्यात पालेभाजी आणि हुलगा शिजावा. कार्यकर्त्यांनी हे मुद्दे ऊसतोडीच्या दरवाढीच्या मागणीपत्रात घालावेत. दराच्या घासाघिशीत ते नेहमी मागे पडतात.

एप्रिलमध्ये कोयता घरी परततो तेव्हा हुरडा सरलेला असतो, बांध करपलेला असतो. शेजारच्या म्हातारीने हरभऱ्याचा पाला वाळवून मडक्यात ठेवला असेल, तर त्या वर्षाच्या हिवाळ्याची तेवढीच चव त्या घराला मिळते.