मथळ्यातून पळालेला उंदीर

‘अल्झायमरवर उपाय सापडला’ हा मथळा अधूनमधून कुठे ना कुठे झळकतोच. ज्यांच्या घरी आई किंवा वडील पोटच्या मुलांनाही ओळखेनासे झाले आहेत, अशी माणसे ती बातमी जपून ठेवतात आणि डॉक्टरांपुढे धरतात. बातमी खोटी नसते. उपाय लागू पडलेला असतो. फक्त तो उंदरांना. हे शेवटच्या परिच्छेदात कळते, किंवा कळतच नाही.

पत्रकारांना झोडपून मोकळे होणे सोपे आहे. पण २०२१ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात दोन संशोधकांनी या गोष्टीचा माग काढला, तेव्हा तो थेट प्रयोगशाळेत पोचला. अल्झायमरविषयीचे, उंदरांवरील प्रयोगांवर आधारलेले ६२३ शोधनिबंध त्यांनी तपासले. त्यांतल्या २१८ निबंधांच्या शीर्षकात उंदराचा पत्ताच नव्हता. अशा निबंधांवर बातम्या जास्त झाल्या आणि त्या बातम्यांच्या मथळ्यांतूनही उंदीर बहुधा गायब राहिला. म्हणजे गाळणीचे काम बातमीदाराच्या आधीच झालेले असते.

एका शब्दाने एवढे काय बिघडते? उंदराला अल्झायमर आपणहून होत नाही. तो घडवावा लागतो. काही कुटुंबांत हा रोग वारशाने येतो. त्यांच्यात सापडलेले बिघडलेले मानवी जनुक उंदरात घातले, तर त्याच्या मेंदूत अमायलॉइड प्रथिनाचे साठे जमतात, हे १९९५ साली सिद्ध झाले. मात्र माणसाच्या मेंदूत होणारा चेतापेशींचा मोठा संहार त्या उंदरांत दिसला नाही. रोगाचे एक अंग उतरले, रोग नव्हे. १९९९ साली याच उंदरांना अमायलॉइडची लस दिली. कोवळ्या वयात दिली तेव्हा साठे जमलेच नाहीत, उतारवयात दिली तेव्हा ते घटले. जगभर आशा पालवली. माणसांवरची चाचणी मात्र जानेवारी २००२ मध्ये थांबवावी लागली, कारण लस घेतलेल्यांपैकी सुमारे सहा टक्के रुग्णांच्या मेंदूला आणि त्याच्या आवरणाला सूज आली. पुढे, २००८ साली, ही लस घेतलेल्या काही दिवंगत रुग्णांच्या मेंदूंच्या तपासणीचा अहवाल आला. काहींच्या मेंदूतले साठे जवळपास धुऊन निघाले होते. तरीही मृत्यूपूर्वी त्यांना तीव्र स्मृतिभ्रंश होताच.

यावरून ‘उंदीर निरुपयोगी’ असा निकाल देणारेही आहेत. तो तितकाच उथळ आहे. साठे हटवता येतात, हे उंदराने सांगितले आणि ते माणसातही खरे ठरले. त्याच वाटेने पुढे आलेल्या लेकानेमॅब या औषधाला २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. रोगाची घसरण ते काहीशी मंदावते, थांबवत नाही. उंदरातले नेमके एक जनुक बंद पाडून त्याचे काम ओळखण्याच्या तंत्राला २००७ चे नोबेल मिळाले, तेही उगाच नव्हे. उंदराला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उंदीर देतो. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याच्या तोंडी आपण घालतो.

म्हणून मागणी साधी आहे. प्रयोग ज्या प्राण्यावर झाला त्याचे नाव शीर्षकात असल्याशिवाय नियतकालिकांनी निबंध स्वीकारू नये, विद्यापीठांनी प्रसिद्धिपत्रक काढू नये आणि आपल्या वृत्तपत्रांनी बातमी छापू नये. ‘उंदरांमध्ये’ एवढा एक शब्द घातला की बातमी लहान होईल, हे खरे. मुळात ती तेवढीच असते.